क्रिएटिनिन वाढायच्या आधी: बसवलेली किडनी हळूहळू का जाते

मिरजेत लॅब चालवणाऱ्याला किडनी बदललेली माणसं नवीन नाहीत. तासगाव, जत, आटपाडी, पलूस, तिकडून कराड-पाटण आणि कर्नाटकातनं अथणी-चिक्कोडीपर्यंतचे लोक येतात. ऑपरेशन कुणाचं पुण्याला झालेलं असतं, कुणाचं मुंबईला, कुणाचं कोल्हापूरला. दर महिन्या-दोन महिन्यांना रक्त द्यायला तेवढ्या लांब कशाला जायचं, म्हणून सॅम्पल इथे देतात. रिपोर्ट घेताना विचारतात ते एकच: “आता अजून किती वर्षं चालंल ही?” ते सांगणं लॅबवाल्याचं काम नव्हे, डॉक्टरांनी बघायचं. पण बसवलेली किडनी कशामुळे टिकते, कशामुळे जाते आणि संशोधकांचं लक्ष सध्या कुठे आहे, हे कळलं की हातातल्या रिपोर्टाकडे बघायची नजर बदलते. म्हणून हा लेख.

आधी आकडे. नोंदी अमेरिकेत नीट ठेवल्या जातात, त्यामुळे तिथलेच घेऊ. १९९५ ते १९९९ या काळात मृत दात्याकडून मिळालेल्या किडन्यांपैकी निम्म्या ८.२ वर्षांपर्यंत चालत होत्या. अलीकडच्या ऑपरेशनांसाठी तोच अंदाज ११.७ वर्षांवर गेला आहे. जिवंत दात्याची किडनी असेल तर १२.१ वरून १९.२ वर्षं. यात ‘निम्म्या’ हा शब्द महत्त्वाचा. उरलेल्या निम्म्या त्याहून जास्त चालतात. पेशंट मात्र हा आकडा औषधाच्या पाकिटावरच्या मुदतीसारखा ऐकतो आणि दहावं वर्ष उजाडलं की उगाच धास्तावतो.

दुसरी गोष्ट पहिल्या वर्षाची. सत्तरच्या दशकात मृत दात्याची किडनी वर्षभर टिकायची शक्यता जवळपास निम्मीच असे. आज चांगल्या केंद्रांत शंभरातल्या नव्वदहून अधिक किडन्या पहिलं वर्ष सुखरूप पार करतात. म्हणजे सुरुवातीचा धोका माणसाने मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणला. त्यानंतरची वर्षानुवर्षांची झीज मात्र त्या मानाने फार सावकाश सुधारली आहे. आजचं बरंचसं संशोधन या दुसऱ्या भागावर आहे. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस येतात. खरी गळती त्यानंतर, सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना होते.

शरीराला दुसऱ्याची किडनी परकी आहे हे कळतं कसं? माण-खटावचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात तेव्हा प्रत्येक वाड्याच्या मेंढ्यांवर आपापली रंगाची खूण असते. कळप मिसळले तरी कुणाची मेंढी कुठली हे लांबून कळतं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर अशा खुणा असतात. त्यांना एचएलए म्हणतात. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये यातली पहिली खूण ओळखली आणि १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या खुणांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडलांकडून. त्यामुळे आई किंवा वडील दाता असतील तर निम्मं जुळणं ठरलेलंच. सख्ख्या भावाबहिणींत चारात एकदा पूर्ण संच जुळतो, चारात एकदा काहीच जुळत नाही, उरलेल्या वेळी निम्मा. “सख्खा भाऊ आहे, मग जुळणारच की,” असं नातेवाईक ठामपणे सांगतात. रक्तगट जुळला तरी खुणा जुळतीलच असं नाही.

पूर्ण जुळणं म्हणजे काय, ते २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये दिसलं. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. जुळे असल्यामुळे शरीराला ती परकी वाटलीच नाही, रिजेक्शनची औषधं लागली नाहीत. रिचर्ड आठ वर्षं जगला. त्याचा मूळचा किडनीचा आजार नव्या किडनीतही आला. रिजेक्शन शून्य असूनही किडनी जाऊ शकते, हा धडा पहिल्याच यशस्वी ऑपरेशनने दिला होता, आणि तो आजही लोकांच्या लक्षात नसतो.

मग एकसारखं जुळं भावंड नसलेल्या बाकी सगळ्यांचं काय? त्याचं उत्तर एका भाजलेल्या बाईच्या त्वचेपासून सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोत पीटर मेडावर आणि शल्यविशारद टॉमस गिब्सन यांनी तिच्या जखमांवर तिच्या भावाची त्वचा लावली. ती काही दिवसांनी गळून पडली. त्याच भावाची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर गळाली. १९४३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शरीर परक्याला नाकारतं, आणि एकदा नाकारलेल्याला लक्षात ठेवतं. ही आठवण पुढे या लेखात परत लागणार आहे, तेवढी मनात ठेवा.

रिजेक्शन तीन तऱ्हेचं असतं. पहिलं ऑपरेशनच्या टेबलावरच, काही मिनिटांत किंवा तासांत होणारं. दात्याच्या खुणांविरुद्धच्या अँटिबॉडी (परक्या खुणेला चिकटणारी, शरीरानेच बनवलेली प्रथिनं) रक्तात आधीच तयार असतील तर किडनीला रक्त जोडताच ती काळीनिळी पडते. हे जवळजवळ इतिहासजमा झालं ते क्रॉसमॅच या तपासणीमुळे. पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडी दात्याच्या पेशींवर हल्ला करतात का, ते तीत बघतात; करत असतील तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. रमेश पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्या ३० जणांपैकी २४ जणांची किडनी लगेच बंद पडली, आणि निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८ जणांची. एवढा फरक दिसल्यावर वादाला जागा उरत नाही. आजही दात्याच्या पेशी आणि पेशंटचं सीरम एकत्र केल्याशिवाय ऑपरेशनची तारीख पडत नाही.

अशा अँटिबॉडी आधीच येतात कुठून? रक्त चढवल्याने, आधीच्या प्रत्यारोपणामुळे, आणि बाळंतपणामुळे. बाळात निम्म्या खुणा वडलांच्या असतात, त्यामुळे आईचं शरीर गरोदरपणातच नवऱ्याच्या खुणांशी ओळख करून घेतं. म्हणून दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईला नवऱ्याची किंवा स्वतःच्या मुलाची किडनी द्यायची म्हटली की क्रॉसमॅच फार काळजीने बघतात. उलट बायकोने नवऱ्याला दिली तर ही अडचण येत नाही. आपल्याकडे देणाऱ्यांत आई आणि बायको यांचीच संख्या जास्त दिसते. बाईला स्वतःला गरज पडते तेव्हा घरातला माणूस तयार झाला तरी तिचं शरीर आडवं येऊ शकतं. यावर एक वाट आहे. दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करायची, ज्याला सगळे स्वॅप म्हणतात. २०११ च्या कायदादुरुस्तीने त्याला परवानगी दिली. सांगली-साताऱ्याकडच्या लोकांना मृत दात्याच्या यादीत नाव लावायचं असेल तर ते पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या अखत्यारीत येतं. पण भर अजून जिवंत दात्यांवरच आहे. २०२३ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक किडनी प्रत्यारोपणं झाली, त्यातली मृत दात्यांची दोन हजारही नव्हती.

दुसरं रिजेक्शन पहिल्या काही महिन्यांतलं. ते रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, करतात. त्या थेट किडनीत शिरतात, बायोप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या किडनीच्या बारीक तुकड्यात, त्यांची गर्दी दिसते. तीन दिवस स्टेरॉइडची मोठी मात्रा शिरेतून दिली की बहुतेक वेळा हे शमतं. यावरची औषधं उत्तम आहेत, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

तिसरं सावकाश चालणारं. कुठल्याही क्षणी सुरू होतं, बहुधा काही वर्षांनी. कॅनडातल्या विनिपेगच्या संशोधकांनी ३१५ पेशंटांचा पाठपुरावा केला. ऑपरेशनच्या वेळी यातल्या कुणाच्याही रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी नव्हत्या. पुढे १५ टक्के जणांत त्या नव्याने तयार झाल्या, सरासरी ४.६ वर्षांनी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अँटिबॉडी न आलेल्यांपैकी ९६ टक्के किडन्या दहा वर्षांनी चालू होत्या, अँटिबॉडी आलेल्यांपैकी फक्त ५७ टक्के.

या अँटिबॉडी करतात काय? किडनीत गाळण्या असतात, आणि त्या गाळण्यांतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर दात्याच्या खुणा उघड्या असतात. रक्त पहिल्यांदा लागतं ते याच अस्तराला. अँटिबॉडी तिथे चिकटतात, दाह होतो, अस्तर दुखावतं, शरीर ते दुरुस्त करायला नवा थर घालतं. पुन्हा दाह, पुन्हा थर. काही वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाळणीची भिंत दुहेरी दिसायला लागते. मग त्यातून प्रथिनं गळायला लागतात, लघवीला फेस येतो, आणि सगळ्यात शेवटी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, चढतं.

सगळ्यात शेवटी. हे मी मुद्दाम परत लिहितोय, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक जण फक्त क्रिएटिनिनचा आकडा बघतात. १.३ आहे ना, मग झालं. किडनीत राखीव क्षमता बरीच असते. काही गाळण्या बाद झाल्या तर बाकीच्या जास्त काम करून आकडा सावरून धरतात. आकडा वाढतो तोपर्यंत बरंच नुकसान कायमचं झालेलं असतं. दुखतही नाही. नवी किडनी खाली ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला बसवतात, रक्तवाहिन्या आणि लघवीची नळी जोडतात, पण नसा जोडत नाहीत. जुन्या किडन्या बहुधा जागच्या जागी ठेवतात. “पोटात तीन किडन्या हायत माझ्या,” असं एक काका काउंटरवर छाती फुगवून सांगायचे. तेही अगदी खरं आहे.

आता औषधांकडे. गंमत अशी की रिजेक्शन थांबवणारी दोन मोठी औषधं मातीतून आली. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीतल्या एका बुरशीपासून, ते १९८३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून, १९८४ मध्ये सापडलेलं. आज बहुतेक पेशंट टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन यांवर असतात. टी-पेशीला परकी खूण दिसली की ती एक संदेश तयार करून बाकीच्या पेशींना बोलावते. टॅक्रोलिमस तो संदेशच तयार होऊ देत नाही. आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना कामाला लावायलाही टी-पेशींची मदत लागते. म्हणजे टॅक्रोलिमसची पातळी नीट असली तर अँटिबॉडीची पहिली पायरीच चढली जात नाही.

मात्र एकदा चढली की गोष्ट वेगळी. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, प्लाझ्मा पेशी, हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं अँटिबॉडी ओतत राहतात. टॅक्रोलिमस त्यांना हात लावू शकत नाही. “महिनाभर गोळ्या बंद होत्या, पण आता परत चालू केल्यात,” हे ऐकून डॉक्टरांचा चेहरा का उतरतो ते यावरून कळेल. कॅनडातल्याच एडमंटनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये निकामी झालेल्या ६० किडन्या तपासल्या. कारण सांगता येण्याजोग्या ५६ पैकी ३६ रिजेक्शनने गेल्या होत्या, आणि त्या ३६ पैकी १७ पेशंटांनी गोळ्या नियमित घेतल्या नव्हत्या. जवळपास निम्मे.

यावर “लोक बेजबाबदार असतात” म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून साडेचार लाखांपर्यंत मदत होते. त्यानंतरच्या आयुष्यभराच्या गोळ्या दर महिन्याला घ्याव्या लागतात, आणि उसाचं बिल वेळेवर येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतले निम्मे रस्ते पाण्याखाली होते. मेडिकल उघडं नव्हतं आणि असलं तरी माल पोचत नव्हता. तेव्हापासून पावसाळा लागला की मी किडनीवाल्या प्रत्येकाला सांगतो, पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात उंचावर ठेवा, आणि घर सोडायची वेळ आली तर कागदपत्रांच्या आधी तो डबा उचला.

आता आमच्या टेबलावरची गोष्ट. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळी गोळी घ्यायच्या आधी तपासायची असते. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊच्या सुमाराला, बारा तासांनी, रक्तात औषध सगळ्यात कमी असताना. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतात, कारण हे औषध लाल पेशींत साठतं आणि अख्खं रक्तच तपासावं लागतं. आमच्याकडून ते मुंबईला जातं. कवठेमहांकाळच्या एका दादांशी झालेला संवाद असा:

“सकाळची गोळी घेतली का, दादा?”

“घेतली की. चुकवायची न्हाई म्हणून डॉक्टरांनी बजावलंय न्हवं का!”

“मग आज सॅम्पल नको. उद्या या, आणि गोळी खिशात घेऊन या. रक्त दिलं की इथंच घ्या.”

“आणि परत एसटीचं भाडं कोण देणार?”

त्यांचं बरोबर होतं आणि माझंही. गोळी घेतल्यावर दीड-दोन तासांत रक्तातलं औषध शिगेला जातं. ते रक्त तपासलं तर आकडा भलताच मोठा येतो. रिपोर्टावर गोळी कधी घेतली ते लिहिलेलं नसतं. डॉक्टर आकडा बघून मात्रा कमी करतात, आणि ठीकठाक चाललेला पेशंट त्या दिवसापासून कमी औषधावर जातो. कुणाचाच हेतू वाईट नसताना अँटिबॉडीला दार उघडतं. म्हणून आम्ही आता सॅम्पलच्या फॉर्मवर शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही लिहून घेतो. हा रकाना प्रत्येक लॅबने ठेवावा असं मला वाटतं.

लेव्हल किती हवी हे ऑपरेशनला किती काळ झाला यावर ठरतं. पहिल्या काही महिन्यांत जास्त, नंतर कमी. पण दीर्घकाळ पाहिलं तर ती वारंवार ५ च्या खाली जाणाऱ्यांत नव्या अँटिबॉडीचं प्रमाण अधिक आढळतं. त्याहून मजेशीर निष्कर्ष असा की सरासरी ठीक असली तरी आकडा एकदा १०, एकदा ४, एकदा ८ असा हेलकावे खात असेल तर तेही किडनीला महागात पडतं. हे हेलकावे कशाने येतात? गोळीच्या वेळा बदलल्याने. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिल्याने, त्यामुळे ब्रँड बदलला तर लेव्हल पुन्हा तपासायला हवी. जुलाबाने, कारण आतडं दुखावलं की औषध जास्त शोषलं जातं आणि लेव्हल चढते. पपनस आणि ग्रेपफ्रूट खाल्ल्याने, कारण आतड्यात हे औषध मोडणाऱ्या विकराला ती फळं अडवतात. तासगावच्या द्राक्षांचा त्याच्याशी संबंध नाही, ती खुशाल धुऊन खावीत. जेवणातल्या हळदीनेही काही होत नाही, पण हळदीच्या अर्काच्या ताकदवान कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

औषधांची औषधांशी भांडणंही आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, रक्तदाबाचं डिल्टियाझेम यांनी लेव्हल वाढते. फिटच्या काही गोळ्यांनी कमी होते. आणि टीबीचं रिफाम्पिसिन ती धाडकन खाली आणतं. आपल्या भागात हा प्रसंग दुर्मीळ नाही, कारण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो. गावातल्या दवाखान्यात टीबीची औषधं चालू झाली आणि किडनीच्या डॉक्टरांना कळलंच नाही, असं झालं की काही दिवसांत रिजेक्शनची वेळ येते. ताप येवो, दात दुखो, चिठ्ठी लिहिणाऱ्याला पहिलं वाक्य ‘माझी किडनी बदललेली आहे’ हेच सांगायचं.

एकाच घरातल्या, एकाच वजनाच्या दोघांना वेगवेगळी मात्रा का लागते, याचं उत्तर जनुकात आहे. सीवायपी३ए५ नावाचं विकर काहींच्या शरीरात काम करतं, काहींच्या नाही. ज्यांचं करतं ते औषध झपाट्याने मोडतात, त्यांना मात्रा जास्त लागते. शेजारच्या पेशंटच्या गोळ्यांशी आपल्या गोळ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही तो यामुळे.

बाकी कारणं थोडक्यात. टॅक्रोलिमस स्वतःच किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना त्रास देतं आणि साखर वाढवतं. जास्त दाबलेल्या प्रतिकारशक्तीत बीके नावाचा विषाणू किडनीतच जागा होतो. मूळ आजार परततो. आणि बरेच पेशंट किडनी चालू असतानाच जातात, हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने किंवा कर्करोगाने. म्हणून बीपी आणि साखर सांभाळणं हाही किडनी टिकवण्याचाच भाग.

संशोधन कुठे पोचलंय? एक धागा लवकर ओळखण्याचा. किडनीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. ते दात्याचे असतात, त्यामुळे पेशंटच्या डीएनएपासून वेगळे ओळखता येतात. त्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या वर गेलं तर आत काहीतरी बिघडतंय असा संशय घेतात, क्रिएटिनिन शांत असलं तरी. साध्या रक्ताच्या नमुन्यावर होणारी ही तपासणी मला फार आशादायक वाटते, पण ती महाग आहे, आणि बिघाड नक्की कशाचा ते तिच्यावरून कळत नाही. निकाल अजूनही बायोप्सीच देते. बायोप्सीचं वाचन सगळ्या जगात सारखं व्हावं म्हणून १९९१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावी तज्ज्ञ जमले. त्या गावाचं नाव आजही प्रत्येक किडनी बायोप्सीच्या रिपोर्टावर असतं. रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी डीएसए तपासणी आपल्याकडे मोठ्या शहरांत होते. ज्यांची लेव्हल हलते, ज्यांच्या लघवीत प्रथिनं दिसायला लागली आहेत, त्यांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

दुसरा धागा उपचाराचा, आणि इथे बरीच वर्षं निराशा होती. प्लाझ्मा पेशी मारणारं बोर्टेझोमिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध जुनाट अँटिबॉडी रिजेक्शनवर करून पाहिलं. व्हिएन्नातल्या नीट आखलेल्या चाचणीत, २०१८ च्या निकालात, त्याचा काही फायदा दिसला नाही. मग २०२४ मध्ये व्हिएन्नाच्याच गटाने फेल्झार्टामॅबचे निकाल दिले. हे औषध प्लाझ्मा पेशींवरच्या आणि किडनीत दाह करणाऱ्या काही मारक पेशींवरच्या सीडी३८ या रेणूला धरतं. २२ पेशंट होते. सहा महिन्यांनी बायोप्सीत रिजेक्शन विरलेलं दिसलं ते औषध मिळालेल्या ११ पैकी ९ जणांत, आणि नुसतं सलाइन मिळालेल्यांपैकी तपासता आलेल्या १० पैकी २ जणांत. वर्षाअखेर त्या ९ पैकी तिघांत ते परतलं. पेशंट मूठभर होते, मोठ्या चाचण्या पूर्ण व्हायच्या आहेत. तरी या आजारावर इतका स्पष्ट फरक दाखवणारं काहीच नव्हतं, म्हणून सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेत.

तिसरा धागा टॅक्रोलिमसच्या पलीकडे जाण्याचा. बेलाटासेप्ट हे औषध ठरावीक दिवसांनी शिरेतून देतात, त्यामुळे घरी गोळी चुकण्याचा भाग कमी होतो आणि किडनीला त्याचा त्रास नाही. सात वर्षांच्या पाठपुराव्यात सायक्लोस्पोरिनच्या तुलनेत मृत्यू किंवा किडनी जाण्याचा धोका ४३ टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या वर्षातलं टी-पेशींचं रिजेक्शन मात्र त्यात जास्त होतं. बोस्टनमध्ये त्याही पुढे जाऊन दात्याची किडनी आणि त्याच्या हाडांतला मगज, दोन्ही दिलं. २००८ मध्ये पाच पेशंटांपैकी चौघांच्या औषधांच्या गोळ्या पूर्ण बंद करता आल्या. वाट अवघड आहे, प्रत्येकाला झेपणारी नाही. डुकराच्या किडनीबद्दलही लोक विचारतात. २०२४ च्या मार्चमध्ये बोस्टनमध्ये ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी एका जिवंत माणसाला पहिल्यांदा बसवली, तो दोनेक महिन्यांनी वारला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका बाईला बसवलेली १३० दिवस चालली. तिच्या एका संसर्गामुळे औषधं कमी करावी लागली, आणि रिजेक्शनने किडनी काढावी लागली. म्हणजे खुणा जनुकांतून पुसल्या तरी औषधांचा तोल सांभाळणं चुकलेलं नाही.

शेवटी एक प्रश्न, जो किडनी गेल्यावर विचारायला हवा आणि बहुधा विचारला जात नाही. डायलिसिस परत सुरू झालं की माणसाला वाटतं, आता या महागड्या गोळ्या कशासाठी, आणि तो स्वतःहून बंद करतो. पण निकामी किडनी पोटातच असते, तिच्या खुणा तशाच असतात. औषध थांबलं की शरीर त्या खुणांविरुद्ध पूर्ण जोमाने अँटिबॉडी बनवतं, आणि मेडावर यांनी पाहिलेली आठवण पक्की होते. मग दुसरी किडनी शोधताना तशाच खुणांचे सगळे दाते बाद होतात. युरोपात २०२० मध्ये मान्यता मिळालेलं इम्लिफिडेज नावाचं औषध अशा अँटिबॉडी काही तासांत तोडतं आणि ऑपरेशनला खिडकी उघडतं. पण काही दिवसांत त्या परत तयार व्हायला लागतात. दुसरं प्रत्यारोपण करायचा विचार असेल तर गोळ्या कधी, किती आणि कुठल्या क्रमाने कमी करायच्या, हे डायलिसिसच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं लागतं.